भुसावळच्या उन्हाळ्यात आवाज न करता थंड राहील असा पीसी जुळवायचा आहे. कॅबिनेट आणि फॅन कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की खोली गच्चीखालची आहे, पीसीचा आवाज नको, मे महिन्यात तो बंद पडायला नको, आणि कॅबिनेट-फॅन मिळून १० हजारांपर्यंत जायची तयारी आहे. मी अमळनेरला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आमचा सीझन आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे, म्हणजे पारा ४४-४५ ला टेकतो नेमका तेव्हा, आणि मशीन रात्ररात्र रेंडरला, म्हणजे एडिट केलेल्याची अंतिम फाईल बनवायला, लावलेलं असतं. त्यामुळे या विषयात वाया घालवायचे तेवढे पैसे माझे घालवून झालेत.

यूट्यूबवरचे तापमानाचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. ती मंडळी बहुतेक २१-२२ अंशांच्या खोलीत बसून मोजतात. फॅन कितीही महाग लावा, प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होणार नाही. खोलीच्या वर तो किती अंश राहतो, एवढंच कॅबिनेटच्या हातात आहे. माझा रेंडरिंगला साधारण ४२ अंश वर राहतो. जानेवारीत खोली २४ असते तेव्हा ६६ दिसतात, मेमध्ये दुपारी खोली ३८ झाली की ८०. मशीन तेच, फॅन तेच. ८० बघून घाबरायचं कारण नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर तर ९५ पर्यंत जायलाच बनवलेत.

आता कॅबिनेट. २०२१ साली मी पुढून अख्खी काच असलेलं, तीन रंगीत लाईटवाले फॅन आधीच बसवलेलं कॅबिनेट घेतलं. दुकानात फार देखणं दिसत होतं. घरी आणलं आणि पहिल्याच लग्नाच्या रेंडरला ते असं घोंघावायला लागलं की शेजारच्या खोलीतून आई उठून आली. म्हणाली, "हाई कॉम्प्युटर शे का पिठनी गिरनी?" मी फॅन बदलायच्या गोष्टी करत होतो. पण एकदा सहज पुढची काच उचकटून भिंतीला टेकवून ठेवली आणि रेंडर चालूच ठेवला. दहा मिनिटांत प्रोसेसर ११ अंशांनी उतरला, आणि थोड्या वेळाने प्रोसेसरवरचा फॅनही आपोआप मंदावला. काचेच्या कडेला जेमतेम बोटभर फट होती आणि तिन्ही फॅन त्या फटीतून हवा ओढायला धडपडत होते. आवाज त्या धडपडीचा होता.

आपल्याकडे हे समजावून सांगायला लागू नये. खिडकीला कूलर लावला आणि समोरचं दार बंद ठेवलं तर काय होतं ते खानदेशातलं शेंबडं पोरही सांगेल. हवा आत येते तेवढी बाहेर जायला वाट लागते. कॅबिनेटचंही तेच. पुढून जाळीतून आत, मागून आणि वरून बाहेर, मधे वायरींचं जंजाळ नको. म्हणून पुढे पूर्ण जाळी असलेलंच घ्या. कोर्सेअर ४०००डी एअरफ्लो हे त्यातलं सरळसोट उदाहरण. लियान लीचं लॅनकूल २१६ बसत असेल बजेटमध्ये तर अजून बरं, कारण पुढे १६० मिलिमीटरचे दोन आणि मागे १४० चा एक असे फॅन त्यात मुळातच येतात, वेगळे घ्यायला नकोत. भाव सारखे हलतात, त्यामुळे आकडा लिहीत नाही. (ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रो सुरू झाली, त्या गावात मला जाळीचं कॅबिनेट मिळालं नाही. शेवटी ऑनलाइन मागवलं.)

फॅनचं एक गणित लक्षात ठेवलं की बाकी सगळं आपोआप सुचतं. एकाच फॅनचा वेग दुप्पट केला तर हवा जवळपास दुप्पट येते, पण आवाज १५ डेसिबलच्या आसपास वाढतो. कानाला तो दुपटीहून जास्त वाटतो. तेच वेग न वाढवता तसाच दुसरा फॅन शेजारी लावला, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एक फॅन पळवण्यापेक्षा दोन-तीन फॅन रमतगमत चालवलेले परवडतात, आणि जागा असेल तर १२० पेक्षा १४० चा घ्यावा. पुढे १४० चे दोन, मागे एक. साध्या एका ग्राफिक्स कार्डाच्या पीसीला एवढं पुरतं. सात-आठ फॅन लावणाऱ्यांना लाईटांची हौस असते.

घेताना चार पिनचा, पीडब्ल्यूएम असलेला फॅनच घ्या, म्हणजे मदरबोर्ड त्याचा वेग नीट कमीजास्त करू शकतो. माझ्या त्या देखण्या कॅबिनेटचे फॅन थेट एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) वायरीला जोडलेले होते, त्यांना एकच वेग माहीत. आर्क्टिकचे पी१२ आणि पी१४ पैशाच्या मानाने उत्तम. नॉक्टुआचे आणखी चांगले आहेत, पण १० हजारांत कॅबिनेटही बसवायचं असेल तर त्यांच्या नादी लागू नका. बसवताना फॅनची दिशा बघा. ज्या बाजूला मधलं स्टिकर आणि आडव्या काड्या असतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते. खात्री नसेल तर पेटती अगरबत्ती पुढच्या जाळीजवळ धरा. धूर आत खेचला गेला पाहिजे. मागे धरलीत तर तो लांब फेकला गेला पाहिजे.

सेटिंगचं मात्र कुणी फारसं सांगत नाही. सतत एकसारखा येणारा आवाज कानाला सवयीचा होतो. त्रास होतो तो मिनिटाला चारदा वर-खाली होणाऱ्या फॅनचा. क्रोमची एक टॅब उघडली की घूंऽऽ, बंद केली की शांत. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) फॅनचा आलेख सपाट करा: ६५ अंशांपर्यंत ठरलेले ८०० आरपीएम, तिथून ८५ पर्यंत हळूहळू ११००-१२००. आणि वेग बदलायला काही सेकंद थांबण्याची सोय असते, ती चालू करा. माझ्याकडे दोन प्रोफाइल सेव्ह केलेली आहेत. एकाचं नाव "थंडी", दुसऱ्याचं "आखाजी". मेमध्ये खोलीतला कूलरच एवढा गर्जत असतो की त्यात पीसीचा आवाज शोधूनही सापडत नाही, मग फॅनला उगीच कशाला दाबून ठेवायचं? शांतता लागते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रात्री, सगळं गाव झोपलेलं असताना.

कूलर खोलीत असलाच तर पीसी त्याच्या थेट झोतात ठेवू नका. थंड हवा चांगली, पण बारीक तुषारही येतात, आणि बोअरचं पाणी असेल तर क्षार येतात. माझ्या पुढच्या जाळीवर एका उन्हाळ्यात पांढरी पूड बसली होती, बोट फिरवलं की खरखर लागायची. झोताच्या बाजूला ठेवा, खोली थंड झाली की पीसीला त्याचा वाटा मिळतोच.

धूळ आणि कापूस. आमच्या घरापासून जिनिंग जवळ आहे, कापसाच्या हंगामात तंतू उडून येतात आणि धुळीत मिसळून फिल्टरवर घोंगडीसारखा थर धरतात. यावर मी एकदा शहाणपणा केला, जाळीला आतून मलमलचं फडकं लावलं. धूळ थांबली, हवाही थांबली. ती काच परत बसवल्यासारखंच झालं. त्यापेक्षा आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे फटीफटींतून धूळ ओढली जात नाही, आणि फिल्टर दर पंधरवड्याला नळाखाली धरा. नीट वाळल्यावरच परत लावा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने गरगर फिरवू नका.

कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या त्या कप्प्यात, जिथे तिन्ही बाजूंनी प्लायवूड असतं, तिथे तर अजिबात नको. मागून निघालेली गरम हवा तिथेच घुटमळते आणि पुढून परत आत जाते. टेबलाशेजारी, जमिनीपासून वीतभर उंच स्टुलावर ठेवा.

आणि एक फुकटचा उपाय. तुमचा रायझन १०५ वॅटचा असेल तर बायोसमध्ये इको मोड लावून तो ६५ वॅटचा करता येतो. मग तो १४२ ऐवजी ८८ वॅटपर्यंतच ओढतो. माझं तासाचं रेंडर पाच-सहा मिनिटांनी लांबलं, एवढंच. लग्नवाल्यांना तसंही महिन्याने देतो.

जळगावला जाऊन दुकानातून घेणार असाल तर बॉक्सवरचं "एअरफ्लो" वाचून विश्वास ठेवू नका. पुढचं पॅनल काढायला सांगा आणि ट्यूबलाईटसमोर धरा. आरपार उजेड दिसला तर घ्या. मागे प्लॅस्टिकची भिंत दिसली तर कितीही लाईट लुकलुकत असले तरी परत द्या.