बेसबॉलचा पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून अमेरिकेला यायचंय? आधी व्हिसाचं बघ

अरे, तुझ्या बाबांनी तुझा मेल पुढे पाठवला, दोनदा वाचला. म्हणजे तू जळगावचा, वय 19, डावखुरा, विद्यापीठाच्या संघातून बेसबॉल खेळलास, रडार गनवर तुझा चेंडू ताशी 84 मैल लागतो. आणि शेवटी लिहिलंयस, "स्टार व्हायचं नाहीच काका. एडविन जॅक्सनसारखं चौदा टीममधून फिरत राहिलो तरी चालेल."

त्या "चालेल"वर मी जरा हसलो. रागावू नकोस.

जॅक्सन खरंच चौदा टीमकडून मेजर लीग, म्हणजे इथली सगळ्यात वरची लीग, खेळला. पण त्याची सुरुवात माहीत आहे का? 9 सप्टेंबर 2003, त्याचा विसावा वाढदिवस, पहिलाच सामना, समोर रँडी जॉन्सनसारखा पिचर, आणि हा जिंकला. 2010 मध्ये त्याने नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्यांना अख्ख्या सामन्यात एकही हिट नाही. आठ जणांना फुकट पहिल्या बेसवर पाठवलं, 149 चेंडू टाकले, पण हिट दिली नाही. आणि एवढं करूनही कारकिर्दीचा हिशेब 107 विजय, 133 पराभव. 2011 मध्ये तर एकाच दिवसात शिकागोहून टोरोंटोला आणि टोरोंटोहून सेंट लुईसला ट्रेड झाला, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत गेला. टोरोंटोचा शर्ट अंगावर चढायला त्यानंतर आठ वर्षं लागली. तू ज्याला मधला मार्ग समजतोयस, तो इतक्या वरचा आहे.

आम्ही न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला राहतो. इथल्या सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान रेल्वे स्टेशनला अगदी चिकटून आहे. 2021 पासून ती यँकीजची डबल-ए टीम झाली (मायनर लीगमधली, मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली), पण त्याआधी ती अटलांटिक लीगमध्ये होती. ही स्वतंत्र लीग, कुठल्याही मोठ्या क्लबशी न बांधलेली. वरून सुटलेले आणि पुन्हा वर जायची आशा न सोडलेले खेळाडू तिथे येतात. पगार इतका थोडा की गावातली कुटुंबं त्यांना घरी ठेवून घ्यायची. 2016 च्या उन्हाळ्यात आम्हीही आमची तळघरातली खोली एका पिचरला दिली. वय 31. दोन मायनर लीग क्लब, एक हंगाम मेक्सिको, अर्धा हंगाम तैवान असा प्रवास करून आलेला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं त्याचं होतं: एक जुनी गाडी, दोन बॅगा, स्वतःची उशी आणि एक टेबल फॅन.

सामना संपवून रात्री अकराला यायचा, कोपर बर्फाच्या पिशवीत घालून जेवायला बसायचा, डाव्या हाताने वरणभात कालवायचा. हिला ते डावं जेवण आधी बघवेना, मग सवय झाली. बालाजी मंदिराच्या कँटीनमधल्या इडल्या त्याला आवडायच्या, रविवारी आठ-आठ खायचा. पण मला आठवतो तो त्याचा फोन. जेवताना फोन ताटाशेजारी, स्क्रीन वर, रिंग पूर्ण मोठी. एजंटचा फोन कधीही येऊ शकतो. जुलैतल्या एका रात्री आला. कुठल्या तरी ट्रिपल-ए टीमचे, म्हणजे मेजरच्या लगेच खालच्या पायरीवरचे, दोन पिचर जखमी झाले होते. चाळीस मिनिटांत सामान गाडीत. फॅन आमच्याकडेच राहिला. सप्टेंबरात मेसेज आला की पुन्हा रिलीज झालो (क्लबने सोडलं), हिवाळ्यात मेहुण्याबरोबर घरांच्या छपरांचं काम करतोय, फेब्रुवारीत परत प्रयत्न करीन.

आता तुझ्या कामाची गोष्ट. फिरस्त्या पिचरचं करिअर म्हणजे दोन नोकऱ्यांमधला काळ कसा काढायचा याचं कसब. रिच हिल बघ. 2015 च्या उन्हाळ्यात 35 वर्षांचा, याच अटलांटिक लीगमध्ये लाँग आयलंड डक्सकडे. दोन सामने, 11 इनिंग, एकही रन दिला नाही. तिथून रेड सॉक्सने उचलला, सप्टेंबरात मेजर लीगमध्ये परतला, आणि डिसेंबर 2016 मध्ये डॉजर्सने तीन वर्षांचे 4 कोटी 80 लाख डॉलर दिले. 2025 मध्ये, 45 व्या वर्षी, कॅन्सस सिटीकडून खेळून त्याने जॅक्सनच्या चौदा टीमची बरोबरी केली. पण रिलीज झाल्यापासून फोन येईपर्यंत हिल कुठे होता? स्वतःच्या देशात. माझा पाहुणा कुठे होता? मेहुण्याच्या छपरावर.

तुला ते छप्पर नाही. क्लबने करार केला तर तू पी-1 या खेळाडूंच्या व्हिसावर येणार. तो व्हिसा क्लबशी बांधलेला. ट्रेड झालास तर ठीक, नवा क्लब 30 दिवसांत अर्ज करतो. पण रिलीज झालास तर? आम्हा एच-1बी वाल्यांना नोकरी गेल्यावर 60 दिवस मिळतात, आणि तेही पुरत नाहीत (2009 मध्ये माझी गेली तेव्हा तर ते 60 दिवसही नव्हते). त्या सवलतीच्या यादीत पी-1 नाहीच. म्हणजे जो काळ टिकवला की माणूस फिरस्ता पिचर होतो, तोच काळ तुला इथे काढता येणार नाही. छपराचं काम तर विसरच, पी-1 वर ते बेकायदेशीर.

पैशाचं थोडक्यात. मायनर लीगचा किमान पगार 2023 च्या करारापासून बरा झाला: त्या वर्षी डबल-एला वर्षाला 30,250 डॉलर, ट्रिपल-एला 35,800. राहायची सोय 2022 पासून क्लब करतो. मेजर लीगचा किमान 2025 मध्ये 7 लाख 60 हजार, म्हणजे वरच्या रोस्टरवरचा एक दिवस साधारण चार हजार डॉलरचा. 43 दिवस वर काढलेस की पेन्शनचा हक्क लागतो. म्हणून 39 व्या दिवशी खाली पाठवलेला माणूस काय चेहरा करतो ते विचारू नकोस.

तुझ्या आधी आपल्याकडून गेलेले म्हणजे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघे उत्तर प्रदेशचे, दोघेही भालाफेकीतले, 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला. रिंकू तुझ्यासारखाच डावरा आणि 87 मैल टाकून 'मिलियन डॉलर आर्म' ही भारतात पिचर शोधणारी स्पर्धा जिंकलेला. दिनेश 2010 मध्ये सुटला, रिंकू काही हंगाम खालच्या लीगमध्ये टिकला, मग कोपराचं ऑपरेशन, आणि शेवटी कुस्तीच्या शोमध्ये गेला. मेजर लीगमध्ये आज सरासरी फास्टबॉल 94 मैलांचा आहे. तुझे 84 म्हणजे दहा कमी. वय 19 आहे, वाढतील, डावखुऱ्याला थोडी सूटही मिळते. पण दहा म्हणजे दहा.

तर माझं मत: करार शोधत येऊ नकोस, शिकायला ये. इथल्या दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांच्या बेसबॉल टीम चांगल्या असतात आणि डावरा पिचर त्यांना नेहमी हवा असतो. एफ-1 हा विद्यार्थ्यांचा व्हिसा, अर्धीमुर्धी स्कॉलरशिप, आणि तिथे वेग वाढला तर इथल्या कॉलेजात असल्यामुळे ड्राफ्टसाठीही, म्हणजे मेजर लीग क्लबांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीसाठीही, पात्र ठरशील. नाही वाढला तर डिग्री आहेच. बाबांना म्हणावं, एजंट म्हणून कोणी आधी पैसे मागितले तर फोन ठेवा.

आणि व्हिडिओ समोरून नको पाठवूस, डाव्या बाजूने घे, कोपर दिसायला हवं. तू अजून हात सरळ ठेवून, क्रिकेटची बॉलिंग केल्यासारखा टाकतोस की काय अशी मला शंका आहे. इथल्या एका हायस्कूल कोचला दाखवतो. तो फॅन अजून तळघरात आहे, आलास तर तुझाच.