शिकाऊ ताईच्या हाती आपलं मूल सोपवावं का?

"एवढ्या लांबून केंद्राचं नाव ऐकून आलो आणि माझ्या मुलीला बघणार कोण, तर कॉलेजात शिकणारी मुलगी?" मुलांच्या समुपदेशकांचं प्रशिक्षण चालतं अशा प्रत्येक उपचारकेंद्रात हा प्रश्न येतो. काही पालक तो तोंडावर विचारतात. काही हसून "बरं" म्हणतात आणि दुसऱ्या सेशनला येतच नाहीत. त्यापेक्षा विचारलेलं केव्हाही बरं.

पुढची हकिकत अशाच एका आईच्या शंकेपासून सुरू होते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन मुलांचे अनुभव एकत्र केले आहेत.

मुलगी नऊ वर्षांची, चौथीतली, राहणार विक्रोळी. पावसाळ्यात शाळेच्या व्हॅनमध्ये शेजारच्या मुलाला उलटी झाली, ती हिच्या बुटांवर पडली आणि त्या वासाने हिलाही झाली. त्या दिवसापासून शाळेतला डबा तसाच परत येऊ लागला. दप्तरात दोन प्लास्टिकच्या पिशव्या, आवळा सुपारीची डबी आणि रुमालात लिंबाची फोड. व्हॅनमध्ये खिडकीचीच जागा हवी, नाहीतर रडारड. आणि दिवसभर एकच प्रश्न: "मला उलटी होणार नाही ना?" आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, आईने पित्ताची औषधं आणली. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, पोटात काही नव्हतं, पण दोन महिन्यांत दीड किलो वजन उतरलं होतं. त्यांनीच इकडे पाठवलं आणि दर पंधरा दिवसांनी वजन करायला सांगितलं. हा क्रम बरोबर आहे. खाणं कमी झालेलं मूल आधी बालरोगतज्ज्ञांनी पाहायला हवं, मग समुपदेशकाने.

केस आली ती क्लिनिकल सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीकडे, म्हणजे शिकाऊ ताईकडे. आईचे प्रश्न दोन होते. ही अजून शिकतेय, हिला जमेल का? आणि फॉर्मवर 'संशोधन' लिहिलंय, म्हणजे माझ्या मुलीवर प्रयोग करणार का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. उपचाराची संमती वेगळी आणि संशोधनाची वेगळी, सह्या दोन ठिकाणी. संशोधनाला नाही म्हटलं तरी उपचार थांबत नाही, आणि हो म्हणून नंतर मधूनच बाहेर पडता येतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या सहीबरोबर मुलाचा होकारही घ्यावा लागतो: सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. नोंदींवर नाव नसतं, क्रमांक असतो. कोणी एकाच कागदावर "इथे सही करा" म्हणत असेल, तर तिथे थांबून विचारावं.

पहिल्या प्रश्नाला मात्र इतिहासच साक्षीला आहे. लहान मुलाची भीती पायरीपायरीने घालवल्याची पहिली सविस्तर नोंद 1924 सालची. पीटर नावाचा मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा होता आणि सशाला घाबरायचा. पीटर आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यातून लांब ठेवायचा, मग रोज थोडा जवळ आणायचा, असं करत करत शेवटी ससा त्याची बोटं कुरतडू लागला तरी पीटर शांत. मध्ये त्याला स्कार्लेट फीव्हर झाला, दवाखान्यातून परतताना मोठा कुत्रा अंगावर आला आणि बरीचशी प्रगती पुसली गेली. पुन्हा सुरुवात करावी लागली. हे काम करणाऱ्या मेरी कव्हर जोन्स तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकत होत्या, पीएचडी दोन वर्षांनी मिळाली. पुढे 1994 मध्ये टेंपल विद्यापीठाच्या फिलिप केंडॉल यांनी 9 ते 13 वयाच्या 47 चिंताग्रस्त मुलांवरचा सोळा सेशनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात उपचार देणारे पीएचडीचे विद्यार्थी होते आणि उपचार घेतलेल्यांपैकी 64 टक्के मुलांमध्ये शेवटी मूळ निदान उरलं नव्हतं. म्हणजे आज जी पद्धत आपण वापरतो ती बऱ्याच अंशी शिकणाऱ्यांच्या हातूनच तावूनसुलाखून निघाली आहे. अट एकच: पाठीमागे देखरेख करणारा हवा.

चिंतेचं मोजमाप पहिल्या भेटीतच झालं. 41 प्रश्नांची 'स्केअर्ड' प्रश्नावली मुलगी आणि आई दोघींनी वेगवेगळी भरली. प्रत्येक उत्तराला शून्य, एक किंवा दोन गुण, आणि बेरीज 25 किंवा जास्त आली की पुढे नीट तपासायचं. नुसत्या आकड्यावरून निदान करू नये, हेही इथेच सांगायला हवं. मुलीचे 31 आले, आईच्या मते 44. असा फरक नेहमी पडतो आणि तो खोटेपणा नसतो. आईला सकाळचं रडणं दिसतं, वर्गातलं दिसत नाही.

त्यापेक्षा कामाला आली ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरची मोजणी. "उलटी होणार नाही ना?" विचारलं की त्या तारखेच्या चौकोनात एक रेघ. पहिल्या रविवारी 38 रेघा झाल्या. आईला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा: अडतीस वेळा तिने स्वतः "नाही गं राणी, काही होत नाही" म्हटलं होतं. त्या उत्तराने मुलीला दोन-चार मिनिटं बरं वाटतं. पण धोका खरा होता आणि आईच्या शब्दाने टळला, असा त्याचा अर्थ तिच्या मनात बसतो. मग पुढचा प्रश्न आणखी लवकर येतो. लिंबू, आवळा सुपारी, पिशवी यांचंही हेच. उलटी झाली नाही याचं श्रेय पिशवीला जातं.

म्हणून घरासाठी एक वाक्य ठरलं: "हा भीतीचा प्रश्न आहे, त्याला मी उत्तर देणार नाही. तुला हे जमेल." एकदाच म्हणायचं आणि हातातलं काम चालू ठेवायचं. आईने हे दोन दिवसांत उचललं. आजींना जड गेलं. "लेकरू विचारतंय आणि गप्प बसायचं?" आजींचं चुकत नव्हतं, माया करायची त्यांची हीच रीत होती. शिकाऊ ताईने त्यांना वेगळं काम दिलं: प्रश्न आला की उत्तराऐवजी पत्त्यांचा डाव मांडायचा. पहिल्या आठवड्यात रेघा वाढल्या, 45 पर्यंत गेल्या. हे होतंच. नेहमीचं उत्तर मिळेनासं झालं की मूल आधी जास्त जोर लावतं. याच आठवड्यात घाबरून उत्तरं पुन्हा सुरू केली, तर मुलाला एवढंच कळतं की पन्नास वेळा विचारलं की उत्तर मिळतं.

चौथ्या सेशनमध्ये भीतीची शिडी बनली. किती भीती वाटेल याचा शून्य ते दहा आकडा प्रत्येक पायरीला मुलीने स्वतः दिला. 'उलटी' शब्द दहा वेळा मोठ्याने म्हणणं, 2. चित्र काढणं, 3. ओकारीचा आवाज मोबाइलवर ऐकणं, 5. फिरत्या खुर्चीत तीस सेकंद गरगर फिरून येणारी मळमळ सोसणं, 6. खोट्या उलटीच्या वाटीशेजारी बसणं, 7. वडापाव खाऊन लगेच बसमध्ये मागच्या सीटवर बसणं, 8. पिशवीशिवाय व्हॅनने शाळेत, 9. वर्गात पूर्ण डबा, 9.

आणि पाचव्या सेशनमध्ये गडबड झाली. ओकारीचा आवाज लावला, मुलीने कान झाकले, डोळे भरले, आकडा 8 वर गेला. शिकाऊ ताई पटकन म्हणाली, "काही होणार नाही हं, मी आहे ना," आणि आवाज बंद केला. मुलगी शांत झाली. आईही खूश, "किती प्रेमाने हाताळलं!"

पालकांच्या परवानगीने प्रत्येक सेशन रेकॉर्ड होतं आणि आठवड्यातून एक तास सुपरव्हायजर, म्हणजे विद्यार्थिनीवर देखरेख करणारे, ते ऐकतात. नेमक्या त्या जागी त्यांनी रेकॉर्डिंग थांबवून विचारलं, "आत्ता घाबरलं कोण होतं?" शिकाऊ समुपदेशकांची नेहमीची चूक हीच, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच अनुभवी लोकांचीही. मुलाचं रडणं बघवत नाही, म्हणून शिडी अर्ध्यात सोडायची आणि पुढची चार सेशनं खोल श्वास घ्यायला शिकवण्यात घालवायची. श्वासाचा व्यायाम वाईट नाही; पण भीतीच्या ऐन क्षणी तो वापरला की तोही आवळा सुपारीसारखाच होतो. शिवाय भीतीचा कळस असतानाच बाहेर पडलं तर मूल एकच शिकतं: बाहेर पडलो म्हणून वाचलो.

त्या तासाला सुपरव्हायजरनी नुसतं बोलून सोडलं नाही. टेबलावर वाटी ठेवली आणि विद्यार्थिनीलाच मिश्रण बनवायला लावलं. दोन मारी बिस्किटं पाण्यात भिजवून कुस्करायची, त्यात दोन चमचे वरण-भात, अर्धी वाटी आंबट दही, एक चमचा व्हिनेगर, चिमूटभर हळद. दहा मिनिटं झाकून ठेवलं की वास हुबेहूब येतो. मग वाटी नाकाशी धरून तीन मिनिटं बसायचं, चेहरा न फिरवता. आपल्याला जे सोसत नाही ते मुलाकडून करून घेता येत नाही.

सहाव्या सेशनला तोच आवाज पुन्हा लावला, फक्त मांडणी वेगळी होती. आधी कागदावर तीन ओळी: काय होईल असं वाटतं, शंभरात किती खात्री, आणि नंतर काय झालं. मुलीने लिहिलं, "आवाज पाच मिनिटं ऐकला तर मला उलटी होईल. 90." पाच मिनिटं ऐकलं. ताई काही बोलली नाही, फक्त दर मिनिटाला आकडा विचारला: 8, 8, 7, 7, 6. उलटी झाली नाही. आकडा शून्यावर यायची वाट बघितली नाही, कारण सगळा भर तिच्या अंदाजाच्या परीक्षेवर होता. मिशेल क्रास्के आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडलेला विचार हाच: भीती उतरली किती, यापेक्षा अपेक्षेचा फुगा फुटला का, हे पाहा. मुलीने तिसऱ्या ओळीत लिहिलं, "नाही झाली. पोटात गुदगुल्या झाल्या."

नवव्या सेशनला मिश्रणाची वाटी. अकराव्याला विक्रोळी स्टेशनबाहेर वडापाव आणि मग बेस्टच्या बसची मागची सीट. बाराव्याला तेच, पण धीम्या लोकलने कुर्ल्यापर्यंत, तीन स्टेशनं, पिशवी नाही. येताना विद्याविहारला तिने आकडा सांगितला: 3.

मध्ये एक घोळ झाला. व्हॅनची पायरी चार दिवस सोपी गेली, तेव्हा ताईला शंका आली. दप्तराच्या आतल्या कप्प्यात आईने "असू दे, अडीअडचणीला" म्हणून घडी घालून एक पिशवी ठेवली होती आणि मुलीला ते माहीत होतं. चारही दिवस पुन्हा मोजावे लागले. पालकांवर चिडण्यात अर्थ नाही, पण पायरी जमली की "सोबत काय काय होतं?" हे विचारायलाच हवं.

चौदाव्या सेशनपर्यंत डबा रिकामा येऊ लागला, वजन भरून आलं, कॅलेंडरवर दिवसाला एखाददुसरी रेघ. सगळ्यांचं असं होत नाही. अमेरिकेत 488 मुलांवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात बारा आठवड्यांनंतर फक्त अशा थेरपीने जवळपास 60 टक्के मुलं स्पष्ट सुधारली, थेरपी आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळून सुमारे 81 टक्के, नुसत्या खोट्या गोळीने 24 टक्के. म्हणून सात-आठ सेशनांत काही फरकच पडला नाही, शाळा पूर्णच बंद असेल किंवा मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तर शिकाऊ समुपदेशकाने एकट्याने केस धरून ठेवायची नसते, मानसोपचारतज्ज्ञ लागतात. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचं असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो.

पहिल्या भेटीत पालकांनी न लाजता विचारावं: सुपरव्हायजर कोण, आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी आहे का, सेशन ऐकतात की फक्त तोंडी अहवाल घेतात, आणि प्रत्यक्ष भीतीला सामोरं जाणं कितव्या सेशनपासून सुरू होणार. "बघू, आधी तिला मोकळी होऊ दे" असं उत्तर सहाव्या सेशनलाही मिळत असेल, तर तिथे शिकाऊ असो की नामवंत, वेळ जातोय. आणि एक प्रश्न बहुतेकांच्या राहून जातो: तुमची बॅच कधी संपते? उन्हाळ्यात विद्यार्थी जातात, नवे येतात. चिंताग्रस्त मुलाला हा बदल अचानक समजला तर महागात पडतो. किमान महिनाभर आधी सांगावं आणि एक सेशन दोघींनी मिळून घ्यावं.

या मुलीच्या बाबतीत तसं झालं. पाठपुराव्याच्या सेशनला जुनी ताई आणि नवी ताई दोघी बसल्या होत्या. मुलीने बिस्किटं, दही, व्हिनेगर मागून घेतलं, मिश्रण स्वतः कालवलं, वर ताटली झाकली आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबली. मग वाटी नव्या ताईच्या नाकाखाली धरून विचारलं, "तुमचा आकडा किती?"

"सात," नवी ताई म्हणाली.

"तोंड फिरवायचं नाही हं," मुलगी म्हणाली आणि मिनिटं मोजायला लागली.