पडद्यावरचा आकडा मोजलेला की काढलेला?

ट्रेडमिल, व्यायामाची सायकल, मनगटावरचं घड्याळ, चरबी सांगणारा वजनकाटा यांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. अर्ध्याहून अधिक पत्रांत एकच रड आहे: दोन उपकरणांचे आकडे जुळत नाहीत. अशा वेळी आधी हे पाहावं की आकडा सेन्सरने मोजलाय, की मोजलेल्या दुसऱ्याच गोष्टीवरून हिशेबाने काढलाय.

प्रश्न : माझं वजन ६० किलो. ट्रेडमिलवर सपाटीला ताशी ६ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालते. यंत्र १६० कॅलरी दाखवतं, घड्याळ ९५. खरं कोणाचं?

कॅलरी दोघांनीही मोजलेली नाही. ट्रेडमिलला पट्ट्याचा वेग आणि चढ एवढ्या दोनच गोष्टी खात्रीने कळतात. बाकीचं सूत्र करतं. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं चालण्याचं सूत्र यासाठी बरंच वापरलं जातं. मिनिटाला जितके मीटर चालता त्याचा दहावा भाग घ्यायचा, त्यात ३.५ मिळवायचे. आलेली संख्या म्हणजे वजनाच्या प्रत्येक किलोमागे मिनिटाला लागणारा ऑक्सिजन, मिलिलिटरमध्ये. तुमचा वेग मिनिटाला १०० मीटर, म्हणजे १० अधिक ३.५, एकूण १३.५. गुणिले ६० किलो, म्हणजे मिनिटाला ८१० मिलिलिटर. एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण ५ कॅलरी खर्च होतात, तेव्हा अर्ध्या तासाचे झाले सुमारे १२०.

मग १६० कुठून आले? हाच हिशेब ८० किलो वजनाला लावून पाहा, १६२ येतात. तुम्ही यंत्रात वजन भरलेलं नसावं आणि त्याने कारखान्यात ठरवलेलं वजन धरलं असावं, असा माझा कयास आहे. आणि घड्याळाचे ९५? सूत्रातले ३.५ हा नुसतं बसून राहिलात तरी होणारा खर्च आहे. तो वजा केला तर ९० उरतात. बरीच घड्याळं ‘सक्रिय’ कॅलरी वेगळ्या दाखवतात, त्या ह्याच. दोन्ही उपकरणं आपापल्या जागी ठीक आहेत, फक्त ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत.

एक मात्र लक्षात ठेवा. चढ लावून दांड्याला लोंबकळत चाललात, तर अंगाचा काही भार हात पेलतात आणि खर्च घटतो. यंत्राला ते कळत नाही. ते चढाच्या पूर्ण कॅलरी तुमच्या खात्यात टाकून मोकळं होतं.

वेगाबद्दलच शंका असेल तर तपासणं सोपं आहे. पट्ट्याच्या कडेला खडूची खूण करा, पट्ट्याची पूर्ण लांबी मोजा. तुम्ही चालत असताना दुसऱ्या कोणीतरी २० फेऱ्यांचा वेळ घ्यावा. पट्टा २.८ मीटरचा असेल तर ताशी ६ किलोमीटरला ३३.६ सेकंद लागायला हवेत.

प्रश्न : सावकाश पळतानाही घड्याळ नाडी १६८ दाखवतं. दांड्यावरचे धातूचे पत्रे धरले की १३०. छातीचा पट्टा घ्यावा का?

पळताना एक मिनिट पावलं मोजा. १६५ ते १७० च्या आसपास निघाली, तर घड्याळ तुमची नाडी नव्हे, पावलं सांगतंय.

मनगटाच्या घड्याळातला हिरवा दिवा त्वचेवर उजेड टाकतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड किंचित कमी-जास्त होतो आणि ती लहर सेन्सर टिपतो. हे तत्त्व १९३० च्या दशकापासून माहीत आहे. अडचण अशी की पाऊल आपटलं की मनगटातलं रक्तही हिंदकळतं आणि सैल घड्याळही हलतं. ही लहर नाडीच्या लहरीपेक्षा मोठी असू शकते. हालचालीचा सेन्सर वापरून ती वजा करायचा प्रयत्न घड्याळ करतं, पण नाडी आणि पावलांची गती जवळपास आली की त्याची फसगत होते. ओळखायची खूण सांगतो. थांबून स्तब्ध उभे राहा. खरी नाडी हळूहळू उतरते, खोटी एकदम तीस-चाळीसने कोसळते.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. हात गार असतील तर त्वचेतलं रक्त कमी झालेलं असतं, तेव्हा आधी थोडं गरम व्हा. गडद त्वचेत आणि गोंदणाच्या शाईत हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो, तिथे सिग्नल मुळातच अशक्त मिळतो.

दांड्यावरचे पत्रे वेगळ्या वाटेने जातात. ते हृदयाचा विद्युत सिग्नल पकडतात, म्हणजे तत्त्व ईसीजीचंच. छातीवर हा सिग्नल एक मिलिव्होल्टच्या घरात असतो, तळहातापर्यंत येताना आणखी बारीक होतो. त्यात मूठ आवळली की हाताच्या स्नायूंची स्वतःची वीज मिसळते. म्हणून पत्रे अलगद, दोन्ही हातांनी आणि किंचित ओल्या तळव्यांनी धरायचे. पळताना तो आकडा विसरलेलाच बरा. चालताना मात्र चालतो.

छातीचा पट्टा घ्या. तो तोच विद्युत सिग्नल उगमाजवळ पकडतो, आणि फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बिनतारी पट्टा आणल्यापासून घरच्या वापरासाठी त्याहून भरवशाचं काही मिळालेलं नाही. लावण्याआधी इलेक्ट्रोड ओले करा. पहिली पाच मिनिटं वेडेवाकडे आकडे येतात ते बहुधा कोरड्या पट्ट्यामुळे.

याच पत्रात ‘२२० वजा वय’ याबद्दल विचारलंय. कमाल नाडीचा तो सरासरी अंदाज आहे. माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात, आणि नाडी मंद करणारी औषधं चालू असतील तर हे सूत्र गैरलागू ठरतं. तिथे मर्यादा डॉक्टरांनीच ठरवायची.

प्रश्न : ट्रेडमिल १५ मिनिटांनी आपोआप बंद पडते. मेकॅनिक म्हणतो मोटर गेली. माझं वजन ९८ किलो आहे, पण मी अगदी हळू चालतो.

मोटर बदलायची घाई करू नका. आत काय चालतं ते आधी सांगतो.

घरगुती ट्रेडमिलमध्ये बहुधा डीसी मोटर असते. कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारा बोर्ड, तिला मिळणारा पुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. चालूचा वाटा वाढवला की वेग वाढतो. रोलरवर किंवा पुलीवर लहानसं चुंबक असतं, ते सेन्सरसमोरून गेलं की एक पल्स मिळते, आणि पल्सवरून कंट्रोलरला खरा वेग कळतो. तुमचं पाऊल पडलं की पट्टा क्षणभर मंदावतो. कंट्रोलर ते ओळखून करंट वाढवतो, पाऊल उचललं की कमी करतो. पट्टा तुम्हाला एकसारखा फिरतोय असं वाटतं ते यामुळे.

पट्ट्याखालची फळी कोरडी पडली की घर्षण वाढतं. तोच वेग राखायला कंट्रोलर जास्त करंट ओढतो, मोटर आणि बोर्ड तापतात, आणि दहा-पंधरा मिनिटांनी संरक्षण म्हणून यंत्र थांबतं. तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे. सुरू केल्यावर चार-सहा सेकंदांतच बंद पडत असती, तर मी वेगाच्या सेन्सरवर संशय घेतला असता. पल्स येत नाहीत म्हटल्यावर कंट्रोलर आंधळेपणाने वेग वाढवत बसत नाही, सरळ पुरवठा तोडतो. बदललेल्या कित्येक मोटरी चांगल्या असतात आणि खोट सेन्सरच्या सरकलेल्या चुंबकात असते.

प्लग काढून पट्ट्याखाली हात घाला. फळी कोरडी, खरखरीत लागली तर ट्रेडमिलचं सिलिकॉन तेल द्या. गाडीचं तेल किंवा गंज सोडवायचा फवारा अजिबात नको. पट्टा फार ताणलेला नाही हेही पाहा. मेकॅनिकला सांगा, क्लॅम्प मीटर लावून कोणी चालत असतानाचा करंट तेलाआधी आणि तेलानंतर मोजा. लक्षणीय उतरला तर मोटर निर्दोष. न उतरल्यास कार्बन ब्रश आणि बेअरिंग पाहावेत. बोर्डाचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज काही काळ राहतं.

हळू चालल्याने मोटरला आराम मिळतो ही समजूत मात्र चुकीची आहे. वजनामुळे घर्षण जास्त, म्हणून टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, आणि करंट जास्त. मोटरचा पंखा तिच्याच फिरत्या दांड्यावर (शाफ्टवर) असेल तर तोही हळू फिरतो, त्यामुळे थंडावा कमी मिळतो. जड माणसाचं मंद चालणं हा मोटरला सर्वांत त्रासाचा प्रसंग असतो. उलट थोडा चढ लावला तर तुमच्या वजनाचा एक भाग पट्ट्याला मागे ढकलतो आणि मोटरचा भार हलका होतो. दम तुम्हाला लागतो, हा भाग वेगळा.

प्रश्न : ट्रेडमिलची लाल सेफ्टी की हरवली. तिथे साधं चुंबक चिकटवलं तर यंत्र चालू होतं. काही धोका?

मोठा धोका. बहुतेक यंत्रांत त्या चावीत चुंबकच असतं आणि आत चुंबकाने जुळणारा स्विच. पण चावीची दोरी कपड्याला अडकवलेली असते, पडलात की ती ओढली जाऊन पुरवठा तुटतो. कायमचं चिकटवलेलं चुंबक पडलेल्या माणसासाठी काहीच करत नाही. नवी चावी मागवा, आणि घरात लहान मुलं असतील तर व्यायाम झाल्यावर ती काढून ठेवा.

प्रश्न : जिमच्या सायकलवर लेव्हल ८ जड जाते, घरच्या सायकलवर तीच हलकी. वॅटवर विश्वास ठेवावा का?

लेव्हल हे एकक नाही, प्रत्येक कंपनीची आपापली पायरी आहे. चुंबकीय सायकलमध्ये लहान मोटर चुंबकांना फिरत्या चाकाच्या जवळ आणते. धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि चाकाला न शिवताच ब्रेक लागतो. लेव्हल म्हणजे चुंबक किती जवळ आलंय, एवढंच. हा ब्रेक वेगावरही अवलंबून असतो. चाक तापलं की धातूचा विद्युतरोध वाढतो आणि ब्रेक थोडा ढिला पडतो. वीस मिनिटांनी तीच लेव्हल सोपी वाटते ती दरवेळी तुमची ताकद वाढल्यामुळे नव्हे.

वॅटचं म्हणाल तर स्वस्त सायकल लेव्हल आणि पेडलचा वेग घेऊन कारखान्यातल्या तक्त्यातून वॅट उचलते. महाग सायकलच्या क्रँकवर किंवा पेडलमध्ये स्ट्रेन गेज असतो. धातू सूक्ष्म वाकला की त्याचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून खरं बळ कळतं. असे मोजलेले वॅट असतील तर कॅलरीचा हिशेबही सोपा होतो. १५० वॅट अर्धा तास म्हणजे २७० किलोज्यूल काम. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोचवतं आणि एका कॅलरीत ४.१८ किलोज्यूल असतात, त्यामुळे एकीकडे चारने गुणणं आणि दुसरीकडे ४.१८ ने भागणं जवळपास कटतं: २७० किलोज्यूलला सुमारे २७० कॅलरी, वर थोड्या.

हवेच्या पंख्याचं चांगलं रोइंग मशीन मला या बाबतीत सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. ओढ संपल्यावर चाक किती झपाट्याने मंदावतं ते मोजून ते हवेचा अडथळा दर ओढीला नव्याने काढतं. त्यामुळे हवा कमी-जास्त करणारी झडप कुठेही ठेवा, वॅट खरे येतात.

प्रश्न : वजनकाटा सकाळी चरबी २९ टक्के सांगतो, रात्री २७. दिवसात दोन टक्के जाते?

जात नाही. काटा तळपायांतून एक मिलिअँपिअरहून कमी, बहुधा ५० किलोहर्ट्झचा प्रवाह सोडतो आणि अडथळा मोजतो. पाणी असलेल्या स्नायूंतून वीज सहज जाते, चरबीतून अवघड. पुढचं सगळं उंची, वय, लिंग यांवर बसवलेलं सूत्र. सकाळी शरीरात पाणी कमी, म्हणून अडथळा जास्त आणि चरबी जास्त. शिवाय प्रवाह मुख्यतः पायांतूनच फिरतो, पोटाचा त्याला फारसा पत्ता नसतो. रोज एकाच वेळी मोजा आणि महिन्याचा कल पाहा. पेसमेकर असेल तर अशा काट्यावर उभंच राहू नका.

प्रश्न : सायकल एका ॲपला जोडली जाते, दुसऱ्याला नाही. सायकल बिघडली का?

आधी पहिलं ॲप पूर्ण बंद करा. ब्लूटूथवरची बरीच यंत्रं एका वेळी एकाच ॲपशी बोलतात. तरीही जमलं नाही तर माहितीपत्रकात ‘एफटीएमएस’ शोधा. व्यायामयंत्रांसाठीचा तो ब्लूटूथचा सामाईक नियम आहे. तो नसेल तर सायकल फक्त कंपनीच्याच ॲपला ओळखते, आणि त्यावर दुरुस्ती नाही.