माझ्या वर्गात ईशान्येकडच्या मुलांना ‘चिंकी’ म्हणून चिडवतात, पण ती तक्रार करायला तयार नाहीत. पुण्यातल्या कॉलेजात नव्याने लागलेली शिक्षिका म्हणून मी काय करू शकते?

तक्रार येण्याची वाट पाहू नका. माझं उत्तर मुळात एवढंच आहे, पुढचं सगळं त्याचा खुलासा.

तुम्ही लिहिलंय की मणिपूर, नागालँड, अरुणाचलची काही मुलं वर्गात आहेत, मागच्या बाकांवरून ‘चिंकी’, ‘मोमो’, ‘चायनीज’ अशा हाका येतात, आणि तुम्ही चौकशी केल्यावर ती मुलं ‘काही नाही मॅडम, मस्करी करतात’ म्हणून विषय संपवतात. मीही पुण्यातच शिकवते आणि आमच्या कॉलेजच्या अँटी-रॅगिंग समितीवर बरीच वर्षं आहे. ‘काही नाही मॅडम’ याचा अर्थ खरंच काही नाही असा होताना मी फारसा पाहिलेला नाही.

त्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. तक्रार करायची म्हणजे अर्ज लिहायचा, समितीपुढे बसायचं, चारचौघांत तोच शब्द स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात त्याच पोरांशेजारी बसायचं. घरमालकाच्या कानावर गेलं तर ‘आम्हाला लफडी नकोत’. घरी सांगितलं तर आई म्हणणार, परत ये. आणि घर म्हणजे काही सातारा-सांगली नव्हे. आझाद हिंदने हावडा, तिथून गुवाहाटी, पुढे रात्रभराची बस किंवा सुमो. आईवडील शनिवार-रविवारी येऊन प्राचार्यांना भेटतील ही सोय या मुलांना नाही. त्यामुळे गप्प राहण्यात त्यांचा पुरता हिशेब असतो. तो हिशेब बदलायचा असेल तर बोलण्याची जबाबदारी आपण उचलायला हवी.

पहिली गोष्ट वर्गातच. हाक ऐकू आली की तास तिथे थांबवा आणि ज्याने हाक मारली त्याच्याशी बोला. ‘हे माझ्या वर्गात चालणार नाही, तास संपल्यावर मला भेट,’ एवढं पुरे. त्या क्षणी ज्याला चिडवलं त्याच्याकडे वळून ‘तुला वाईट वाटलं का रे?’ असं विचारू नका. सगळा वर्ग त्याच्याकडे बघणार, आणि त्याला ‘नाही’ म्हणण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. ‘तेही आपल्यासारखेच भारतीय आहेत’ हे भाषणही टाळा, आणि मेरी कोम, मीराबाई चानूची नावं घेणंही. कोल्हापूरच्या पोराला वर्गात सन्मानाने बसायला ऑलिम्पिक पदक दाखवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट कागदावरची. अनेक प्राध्यापकांना वाटतं की रॅगिंग म्हणजे हॉस्टेलमध्ये सीनियरने ज्युनियरला उठाबशा काढायला लावणं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2009 च्या रॅगिंगविरोधी नियमांत 2016 साली दुरुस्ती झाली. वंश, वर्ण, जात, धर्म, प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख, जन्मस्थान यांवरून एखाद्या विद्यार्थ्याचा शारीरिक किंवा मानसिक छळ करणं, त्यात दमदाटी आणि वाळीत टाकणंही आलं, हे सगळं आता रॅगिंग आहे. म्हणजे तुमच्या वर्गात जे चाललंय ते रोज चालत असेल तर त्याला मस्करी म्हणायचा पर्याय कॉलेजकडे नाही. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाने आणि पालकाने भरलेल्या हमीपत्राचा विषय हाच. त्यामुळे समितीला तुम्ही स्वतः लिहा: अमुक तारखेला, अमुक तासाला, मी स्वतः हे ऐकलं. पीडित मुलाचं नाव घालायची गरज नाही, तुम्ही साक्षीदार आहात. प्रकरण मारहाण किंवा धमकीपर्यंत गेलं तर नियमांनुसार संस्थाप्रमुखाला 24 तासांत एफआयआर नोंदवावा लागतो.

कायद्याचा आणखी एक धागा लक्षात ठेवा. नागालँड, मिझोराम, अरुणाचलमधली बहुसंख्य मुलं त्यांच्या राज्यात अनुसूचित जमातीची असतात. महाराष्ट्राच्या यादीत ती जमात नाही, म्हणून इथे ॲट्रॉसिटी, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागत नाही, असं पोलीस ठाण्यात सर्रास सांगितलं जायचं. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा मुद्दा निकाली काढला: त्या कायद्याचं संरक्षण व्यक्तीबरोबर देशभर जातं. (मणिपूरच्या मैतेई किंवा आसामच्या अहोम मुलांना हे लागू नाही, त्या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा नाही.) केवळ वांशिक शिवीगाळीसाठी वेगळं कलम मात्र आजही नाही. 29 जानेवारी 2014 ला दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून दुकानात टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशा कलमाची शिफारस केली होती. आधीच्या दंड संहितेत ते आलं नाही, 2023 च्या न्याय संहितेतही नाही. मला याचा राग येतो, आणि म्हणूनच कॉलेजच्या पातळीवरचे नियम आपण नीट वापरायला हवेत असं मला ठामपणे वाटतं.

पण नियमांच्या आधी विश्वास लागतो, आणि तो बहुतेक वेळा भलत्याच कामातून तयार होतो. एक मिझो मुलगी परीक्षेचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आली होती. आपल्याकडचा फॉर्म म्हणजे आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. मिझो लोकांत आपल्यासारखं आडनाव नसतं. खिडकीवरच्या माणसाने ‘आडनाव नाही असं कसं होईल?’ म्हणत तिच्या एकाच लांब नावाचे दोन तुकडे केले होते, एक आडनावाच्या रकान्यात, एक नावाच्या. आधारवर एक, हॉल तिकिटावर भलतंच. मी तिच्याबरोबर खाली गेले. आम्ही उभ्या असतानाच आतून आवाज आला, ‘ती चायनावाली परत आली बघ.’ मराठीत. तिला मराठी कळत नसेल या खात्रीने. तिला कळत होतं, पुण्यात दुसरं वर्ष होतं तिचं. मी तिथेच त्या माणसाला थांबवलं, नाव दुरुस्त करून घेतलं, आणि वर येऊन त्याच्याविरुद्ध लेखी दिलं. त्यानंतर ती बोलायला लागली. वर्गातलं, मेसमधलं, रिक्षातलं, सगळं. तोवर मी तिला दोनदा ‘काही त्रास आहे का?’ विचारलं होतं आणि दोन्ही वेळा उत्तर तुम्हाला मिळालं तेच होतं.

म्हणून विचारायचं तर कामाचं विचारा. खोली मिळाली का, डिपॉझिट अडकलंय का, दिवाळीत मेस बंद झाल्यावर जेवता कुठे. दिवाळीच्या सुट्टीत ही मुलं घरी जाऊ शकत नाहीत आणि नाताळात परीक्षा किंवा सबमिशन लागलेलं असतं. नाताळ हा मिझो-नागा घरांतला वर्षाचा सण. वेळापत्रक ठरवणाऱ्या बैठकीत हे एका वाक्यात मांडता येतं, फक्त कुणीतरी मांडायला हवं.

खोलीचा प्रश्न सगळ्यात चिवट. आंबवलेल्या सोयाबीनची अखुनी, बांबूचे कोंब, सुकी मासळी यांच्या वासावरून घर जातं. 2007 मध्ये तर दिल्ली पोलिसांनीच ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत, असे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होईल असे करा, म्हणून सल्ला दिला होता. ज्यांच्या घरी सुकट भाजली जाते आणि ज्यांना मुंबईत मासे-मटणावरून सोसायट्यांनी घर नाकारलंय, त्या मराठी माणसांना यातला अपमान समजावून सांगावा लागू नये. घरमालकाला तुमचा, शिक्षकाचा, एक फोन गेला तर फरक पडतो. माझ्या अनुभवात बऱ्याचदा पडलाय.

एक चूक मात्र टाळा: सगळ्यांना ‘नॉर्थ-ईस्टवाले’ म्हणून एका गठ्ठ्यात बांधू नका. 3 मे 2023 पासून मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी यांच्यात जे पेटलं, त्यात इथल्या मुलांची घरं गेली, नातेवाईक छावण्यांत गेले, महिनोन्‌महिने इंटरनेट बंद असल्याने घरून फीचे पैसे येईनात. दोन्ही बाजूंची मुलं एकाच कॉलेजात असू शकतात. त्यांना एकत्र बसवून ‘मैत्री वाढवायचा’ उत्साही कार्यक्रम कुणी आखला तर तुम्ही थांबवा. आणि गॅदरिंगला पारंपरिक वेशात नाच करायला सांगून वर्षभराचं कर्तव्य पार पडलं असं मानणाऱ्यांनाही.

वर्गातल्या बाकीच्या मुलांचं काय, हेही तुम्ही विचारलंय. ती दुष्ट असतात असं नाही, त्यांना माहिती कमी असते, आणि त्याला आपण शिक्षक जबाबदार आहोत. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण 1962 चं ते चीनशी झालेलं युद्ध अरुणाचलमधल्या तवांगला, बोमडिलालाही झालं, तिथली कुटुंबं घरंदारं सोडून आसामकडे पळाली, आणि त्यांचीच नातवंडं आज पुण्यात शिकायला येतात, हे कुणी जोडून सांगत नाही. मी सांगते, विषय कोणताही असो. चिनी फौजेपुढून ज्यांचे आजी-आजोबा निघाले त्या पोराला ‘चायनीज’ म्हणणं म्हणजे काय, हे वर्गाला एकदा लख्ख दिसलं की ओरडावं लागत नाही. सगळे बदलतात असं मी म्हणणार नाही. जे उरतात त्यांच्यासाठी समिती आहे.

तुमच्यासाठी तातडीचं इतकंच: समितीला अर्ज ई-मेलने पाठवा, म्हणजे तारीख राहते. प्राचार्य ‘मुलं आहेत, होतं असं’ म्हणाले तर तेही उत्तर लेखी मागा. तरी हालचाल झाली नाही तर यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522 चोवीस तास सुरू असते. हा नंबर त्या मुलांच्या फोनमध्येही भरून द्या. नवीन आहात म्हणून एकटीने लिहायला धास्ती वाटत असेल तर एखाद्या सीनियर सहकाऱ्याची सही बरोबर घ्या. प्रत्येक स्टाफरूममध्ये असा कुणीतरी असतो, फक्त त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं.