काढून पुन्हा बसव

प्रिय बाबू,

तुझा बाप परवा विहिरीवरची जळकी मोटार घेऊन दुकानात आला होता, तेव्हा कळलं. पोलीस भरतीत दोन गुणांनी राहिलास. तेव्हापासून पहाटेचं पळणं बंद, अन् दिवसभर पारावर मोबाईलवर गेम. तो चिडलाय. मी नाही चिडलो. आज मोटारी भरतो, म्हणजे जळक्या मोटारींत नवी तार घालतो, पण त्याआधी सहा वर्षं हिंगणघाटच्या स्टँडजवळ दोन टीव्ही अन् व्हिडिओ गेमच्या दोन मशीनी मांडून गेमचाच धंदा केला मी. दहा मिनिटांचे दोन रुपये. आज जे मोठे शेतकरी म्हणून दुकानात येतात, त्यातल्या अर्ध्यांनी माझ्याच बाकावर शाळा बुडवलेली आहे. त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क मला पोचतो.

तू म्हणशील, आता काकाजी 'जीवन हा एक खेळ आहे' सुरू करणार. करतो, पण माझ्या पद्धतीनं. खेळ म्हणून पाहिलं तर फार भोंगळ बनवलेला आहे हा. दुकानात ठेवला असता तर पोट्ट्यांनी पैसे परत मागितले असते. सोपा पाहिजे की कठीण, हे सुरुवातीला कोणी विचारत नाही. ते सातबाऱ्यावर आधीच लिहिलेलं. एकाला बारा एकर ओलीत, दुसऱ्याला तीन एकर कोरडवाहू अन् त्यात रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप. मधातच फुकटची कामं येतात: सिलिंडर आण, बहिणीला सासरी सोडून ये, शेजारच्या आबाजीचा फॉर्म भरून दे. त्याचे गुण कुठं जमा होतात, आजवर मला दिसलं नाही. अन् ढाल म्हणून जे हाती देतात, त्याचीही खात्री नाही. २०१७ साली पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, गुलाबी बोंडअळी आली तेव्हा बोंडअळी लागू नये म्हणून घेतलेल्या बीटी बियाण्याच्या भरवशावर बसलेले आपण सगळे पाहतच राहिलो की नाही?

एका बाबतीत मात्र टीव्हीवरचा खेळ जास्त दयाळू. मारिओ खड्ड्यात पडला तर त्याची मावशी अकोल्याहून फोन करत नाही. पानठेल्यावर कोणी "काय झालं बे तुह्या भरतीचं?" विचारत नाही. पहिल्याच पातळीत खड्डा आहे, अन् त्यात न पडलेला एकही पोट्टा मी पाहिला नाही. पडला की "अरे, इथं खड्डा आहे" एवढंच म्हणायचा अन् पुढच्या वेळी दोन पावलं आधी उडी घ्यायचा. लाज नावाची गोष्ट त्या खेळात कोणी टाकलीच नव्हती. ती गावाची भर.

आता तुझा खड्डा. मैदानीचे ५० गुण, त्यात तू ४४ घेतले. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, सगळं तुला येतं. लेखीचे १०० गुण, अन् त्यात मराठी अन् सामान्य ज्ञान बरं असताना अंकगणितात आपटलास. मागच्या भरतीतही तिथंच. अन् मधल्या वर्षात केलंस काय? रोज पहाटे पुन्हा पळायला गेलास! माझ्या दुकानात असा एक पोट्टा होता. पहिली पातळी डोळे मिटून खेळायचा, सगळी नाणी वेचायचा, अन् चौथीत मेला की पुन्हा पहिल्यापासून. त्याला चौथी नको होती रे, आपल्याला येतं हे पाहायला त्याला आवडायचं. आता पळणं सुटलं, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. गणिताचं पुस्तक उघडत नाहीस, त्याचं वाटतं.

घड्याळही आहे, ते विसरू नको. मारिओत पहिल्या पातळीला ४०० आकडा असतो, तुला वयाची अट आहे: खुल्याला २८, मागासवर्गीयाला ३३. त्या दुकानात शहाणा पोट्टा मी एकच ओळखायचो, जो आत येतानाच मुठीतले पैसे मोजायचा. सहा रुपये संपले की उठायचा, हरला असो की जिंकत असो. तूही आजच मोज. किती भरत्या द्यायच्या, ते बापासमोर बोलून टाक.

अन् कोणी 'कोड' विकायला आला तर? कोंट्रा आठवतो का, ज्यात बटणांचा कोड दाबला की तीस जीव मिळायचे? तो कोड कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसानं आधी ग्रेडियस या खेळात घातला होता, १९८६ साली. खेळ तपासायचा होता अन् तो त्यालाच झेपेना! म्हणजे बनवणाऱ्यानं स्वतःसाठी ठेवलेली सोय होती ती. भरतीत "वर ओळख आहे, अमुक लाख लागतील" म्हणणारा जो भेटतो, त्यानं खेळ बनवलेला नसतो. तो तुझ्या बापाचं शेत खेळतो.

एक गंमत सांगतो. गेमची कॅसेट चालली नाही की आपण सगळे तिच्यात फुंकर मारायचो, अन् चालायची. मला कित्येक वर्षांनी, मोटारीचे काँटॅक्ट साफ करता करता, उमगलं: फुंकरीनं काही होत नव्हतं. काढून पुन्हा बसवल्यानं पिना नीट टेकायच्या. उलट तोंडाच्या वाफेनं त्या गंजायच्या. तुझं चाललंय ते फुंकर मारणं आहे. तोच पार, तेच दोस्त, तेच "पुढच्या वेळी पाहू".

म्हणून सोमवारपासून दुकानात येऊन बस. मागची खोली रिकामी आहे. सकाळी नऊ ते बारा फक्त अंकगणित, मोबाईल माझ्या गल्ल्यात. दुपारी माझ्यासोबत मोटारी भरायच्या: जळकी तार काढायची, खाचा साफ करायच्या, कागद घालायचा, फेरे मोजत नवी तार. मजुरी देईन, फुकट नाही. फेरे मोजता येणाऱ्याला शेकडेवारी जड जाऊ नये, असा माझा अंदाज आहे. चुकलाच तर एक हुनर तरी हातात राहील, सध्या मोटारी रोजच जळतात.

येताना चुकलेली गणितं वहीत उतरवून आण. काकी सांबारवडी करणार आहे. अन् माळ्यावर ती जुनी कॅसेट सापडली, वर 'नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार गेम' असं छापलेली. आत चारच आहेत, नावं बदलून बदलून. मशीन सुरू होतं का ते पाहू. पण बारा वाजल्यावर.

तुझा
काकाजी