'इफ आय वर यू' कसं शिकवू?

प्रश्न: राजारामपुरीत नववीच्या पोरांचा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास घेते. सल्ला द्या म्हटलं की सगळी 'यू मस्ट'वर येतात आणि 'आय वर' कसं, 'आय वॉज' पाहिजे ना मॅडम, म्हणून भांडतात.

उत्तर: भांडू दे की ताई! बोलताना 'वॉज' पण चालतंय, सल्ल्यात 'वर' जास्त रुळलंय एवढंच. आपण 'मी तुझ्या जागी असतो तर' म्हणतो तेव्हा तरी कुठं कालचं बोलतोय, तिथनंच सुरू करा. मग पोरांना सल्ला द्यायला लावा: पाहुण्याकडं एकच दिवस आहे, रंकाळा का पन्हाळा? 'यू शुड', 'व्हाय डोन्ट यू' आपोआप येतंय. 'हॅड बेटर' जपून, त्यात दम दिल्यासारखं वाटतं. नि 'इफ आय वुड' म्हणाली की लगेच थांबवा, 'वुड' दुसऱ्या तुकड्यात: 'इफ आय हॅड अ डे, आय वुड गो टू पन्हाळा'.