मदरबोर्डावर स्क्रू पडून ठिणगी उडाली, आता कॉम्प्युटर सुरूच होत नाही. नवा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय, घ्यावा का?

इतक्यात घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की कॉम्प्युटर बंद करून पंखा जोडत होतात, स्क्रू निसटला, बारीक ठिणगी उडाली आणि तेव्हापासून बटण दाबून उपयोग नाही. बंद यंत्रात ठिणगी आली कशी, याचं उत्तर साधं आहे. वायर भिंतीत खोचलेली असेल तर एसएमपीएस बंद कॉम्प्युटरलाही ५ व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय देत राहतो. बटणाची हाक ऐकायला बोर्डाला तो लागतोच. म्हणून यापुढे कॅबिनेट उघडण्याआधी प्लग काढायचा.

आत्ताही तेच करा. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, पाचेक मिनिटं थांबा. तोवर टॉर्च घेऊन तो स्क्रू शोधा, बोर्डाच्या मागे घरंगळला असेल तर तिथूनही काढा. शॉर्ट झाला की बरेच एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतात आणि मेन सप्लाय तोडल्याशिवाय पुन्हा उठत नाहीत. माझं एक यंत्र एवढ्यावरच सुरू झालं होतं, तेही मी अर्धा दिवस कपाळाला हात लावून बसल्यावर.

तरी चालू नाही झालं, तर बटण दाबताना पंख्याकडे नीट बघा. तो किंचित हलून थांबतो, की ढिम्म हलत नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत.

उचकी दिल्यासारखा हलून थांबत असेल तर एसएमपीएस बहुधा जिवंत आहे. तो सुरू व्हायला बघतो, कुठेतरी शॉर्ट दिसतो आणि माघार घेतो. ग्राफिक्स कार्ड, सगळ्या डिस्क, पुढच्या यूएसबीच्या वायरी काढून टाका. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एकच रॅम ठेवा. चालू झालं तर एकेक वस्तू परत जोडत जा, पण दर वेळी प्लग काढूनच. मी एकदा दोन दिवस बोर्डाला दोष देत होतो. निघाली कोपऱ्यातली जुनी हार्ड डिस्क. दुसऱ्या एसएमपीएसची केबल खाचेत बसली म्हणून मी ती या डिस्कला लावली होती. या सुट्या केबलींची एसएमपीएसकडची जोडणी प्रत्येक मॉडेलची वेगळी असू शकते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

काहीच हलत नसेल तर मल्टिमीटर लागेल. २४ पिनच्या प्लगमधली जांभळी वायर, म्हणजे पिन ९, आणि कुठलीही काळी यांच्यात ५ व्होल्ट दिसायला हवेत, ४.७५ ते ५.२५ चालतील. तिथे शून्य असेल तर आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मेन बंद करून तो प्लग आणि प्रोसेसरचा प्लग बोर्डावरून काढा, पुन्हा मेन चालू करून मोजा. आता ५ आले तर बोर्ड ते खेचून घेतोय. तरीही नाही आले तर एसएमपीएस गेला.

जांभळीवर ५ व्होल्ट असतील तर हिरवी बघा, पिन १६. एरवी तिच्यावर साधारण ५ व्होल्ट असतात आणि बटण दाबलं की बोर्ड ती शून्याजवळ ओढतो. ओढतच नसेल तर आधी बटणावर संशय घ्या: पुढच्या बटणाची वायर बोर्डावरून काढून त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. तरी नाही ओढली तर दोष बोर्डात. शून्यावर येऊनही पंखा थंड असेल तर हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस बोर्डाशिवाय सुरू करण्याची प्रसिद्ध चाचणी करा, पण प्लग बोर्डावरून काढून. नुसत्या पंख्यावर भरवसा नको, काही एसएमपीएसचा पंखा भार येईपर्यंत फिरतच नाही. पिवळीवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ मोजा. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर पिन क्रमांकाची आकृती समोर ठेवल्याशिवाय हात लावू नका.

बोर्डाबद्दल एक गोष्ट. प्रोसेसरच्या ८ पिनच्या सॉकेटमध्ये १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यात, मेनचा आणि प्रोसेसरचा असे दोन्ही प्लग काढलेले असताना, मल्टिमीटरचा जोडणी तपासणारा बझर सतत वाजला तर प्रोसेसरजवळचा एखादा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झाला असण्याची शक्यता मोठी. ते काम दुरुस्तीवाल्याचं. पण हाच बझर प्रोसेसरशेजारच्या कॉइलवर लावून घाबरू नका, चांगल्या बोर्डावरही तिथे रेझिस्टन्स इतका कमी असतो की तो वाजतो.

एसएमपीएस उघडू नका. २३० व्होल्टच्या लाइनवर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टांहून जास्त साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतात. फ्यूज बदलून भागेल ही आशाही सोडा. तो उडतो तेव्हा बहुतेक वेळा आतला स्विचिंग ट्रान्झिस्टर आधीच शॉर्ट झालेला असतो.

फाइलींची धाकधूक तुम्ही शेवटी लिहिलीय. डिस्क आत्ताच काढून बाजूला ठेवा. एसएमपीएस नवा आणावा लागला तरी पहिल्यांदा डिस्क न जोडता सुरू करा, आणि केबली त्याच्याच डब्यातल्या लावा.